शंखाच्या बांगड्या

“बाबांनी माझी बोटं एकेक करून उकलली असं लिहू, का सोडवली असं लिहू?” बीनानं विचारलं.

रविवार होता. मी ओसरीवर सायकलचं चाक मांडीवर घेऊन स्पोक ताणत बसलो होतो. शाळेतल्या एका मास्तरांची सायकल होती, दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

“गाठ उकलतात,” मी म्हणालो. “बोटं सोडव.”

“सोडवली,” ती स्वतःशीच म्हणाली आणि कागदावर तसं केलं. मग तिनं तो भाग पुन्हा मोठ्यानं वाचला. तिला ती सवयच होती. लिहिलेलं मला वाचून दाखवल्याशिवाय ते पुरं झालं असं तिला वाटत नसे. मी सातवी शिकलेला माणूस. पण ती म्हणायची, तुम्ही कंटाळलात की चाक फिरवायला लागता, तेवढं मला पुरतं.

त्या दिवशी मी चाक फिरवलं नाही. तिनं वाचलं ते असं होतं:

“घाटावर इतकी माणसं जमली होती की पाणी दिसत नव्हतं. ट्रक आले तेव्हा बाबांनी मला होडीच्या आड, जलपर्णीत उभं केलं. पाणी माझ्या हनुवटीला लागत होतं. मी बाबांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. काठावरून शिपायानं हाक मारली, कोण आहे तिकडे, वर ये. बाबा तसेच गेले असते तर त्यांच्याबरोबर मीही ओढली गेले असते. बाबांनी पाण्याखाली माझी बोटं एकेक करून सोडवली. मग दोन्ही हात वर करून ते काठावर चढले.”

इथं ती थांबली. यापुढचं तिनं लिहिलं होतं, पण वाचताना ती नेहमी इथंच थांबायची.

आमच्यापासून हातभर अंतरावर तिची आई मासे चिरत बसली होती. बंगाली बायकांची असते तशी उभी विळी पायाखाली दाबून, राखेत घोळवलेला रोहू दोन्ही हातांनी पात्यावर ओढत होती. हातातल्या शंखाच्या पांढऱ्या बांगड्या विळीच्या लाकडावर टकटक वाजत होत्या. मधेच तो आवाज थांबला. मला वाटलं, काटा रुतला. मी वळून पाहिलं तर ती पाण्याच्या तांब्याकडे हात करत होती. मी तांब्या सरकवला. तिनं हात धुतले आणि पुन्हा टकटक सुरू झाली.

“मा, लागलं का?” बीनानं बंगालीत विचारलं.

“नाही ग,” मा म्हणाली. “मासा मोठा आहे.”

एवढं बंगाली मलाही कळायला लागलं होतं.

आमच्या घरातली भाषेची वाटणी अशी होती. मायलेकी एकमेकींशी बंगालीत बोलत. बीना आणि मी मराठीत. आणि सासू आणि मी हातवाऱ्यांत. ती मला ‘जामाई’ म्हणायची, मी तिला ‘मा’ म्हणायचो. बाकी सगळा कारभार माशाच्या तुकड्यांवर चालायचा. खूश असली की माझ्या ताटात डोकं यायचं. रागावली की शेपटी. माझा भाऊ लग्नाच्या वेळी म्हणाला होता, मासे खाणारीच करायची होती तर आपल्यात काय कमी होत्या? नंतर तोच दर आठवड्याला जेवायला यायला लागला.

हे सगळं चामोर्शीजवळच्या कमलग्रामचं. बीनाला जाऊन आता वर्ष होत आलं. लोक सभा घेतात, मला खुर्चीवर बसवतात आणि म्हणतात, बीनाताईंनी मराठीवर किती प्रेम केलं! बंगाली असून मराठीत लिहिलं! मी मान हलवतो. तिनं मराठीवर प्रेम केलं हे खरंच. पण ती मराठीत का लिहायला लागली, ते मला माहीत आहे. तिच्या आईला ते कळू नये म्हणून.

एकाहत्तर साली पूर्व पाकिस्तानात लष्करानं माणसं मारायला सुरुवात केली, तेव्हा बीना नऊ वर्षांची होती. खुलन्याकडची. वडील गुरुदास हालदार, होडीतून विड्याची पानं वाहायचे. लाखो लोक सरहद्दीकडे निघाले, त्यात हे तिघंही होते. नदीच्या घाटावर त्यांना गाठलं. आई त्या गर्दीत आधीच चुकली होती, बायकांबरोबर वेताच्या झाडीत लपली होती. नंतर रस्त्यानं जाणाऱ्या लोंढ्यात मायलेकींची गाठ पडली. आईनं पहिला प्रश्न विचारला, “तुझे बाबा?”

नऊ वर्षांची पोर म्हणाली, “बाबा पोहून पलीकडे गेले.”

झालं. तेव्हापासून आई वाट पाहत होती. हातात शंखाच्या बांगड्या, भांगात शेंदूर. आपल्याकडे मंगळसूत्र तसं त्यांच्यात ते. नवरा गेला की बांगड्या पाण्याच्या काठावर दगडानं फोडायच्या, शेंदूर पुसायचा, पांढरं लुगडं नेसायचं आणि मासे सोडायचे. मासे सोडायचे म्हणजे बंगाली बाईला जेवण सोडल्यासारखंच. माणूस बेपत्ता असेल तर बारा वर्षं थांबायची रीत आहे. मग गवताचा पुतळा करून त्यालाच अग्नी द्यायचा. बारा वर्षं झाली तेव्हा गावातले वडीलधारे निबारणकाका आले होते. मानं त्यांना हाकलून लावलं. म्हणाली, “माझ्या पोरीनं डोळ्यांनी पाहिलंय. ते पोहून गेलेत.”

बीना तेव्हा तिथंच उभी होती. ती मला नंतर म्हणाली, “त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. आता बोलले तर माझ्या हातानं तिच्या बांगड्या फोडल्यासारखं होईल. आणि तिच्या ताटातला मासाही मीच काढून घेतल्यासारखा.”

म्हणून तिनं जे पाहिलं ते मराठीत लिहिलं. चामोर्शीच्या शाळेत शिकलेली भाषा. आईला येत नसलेली. आईच्या समोर बसून मोठ्यानं वाचली तरी धोका नसलेली.

त्या रविवारनंतर दोन-तीन दिवसांनी वैरागडेबाई माझ्या दुकानावर आल्या. बाजारातल्या वडाखाली माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारीच मा मासे घेऊन बसायची. वैरागडेबाई चंद्रपूरच्या वकील. फी घेण्यापेक्षा लोकांची भांडणं अंगावर घेण्याची त्यांना जास्त हौस.

“वामनराव, बीना कुठं आहे?”

“शाळेत. सुट्टी झाली की येईल. बसा.”

मी त्यांना स्टूल दिलं. त्या बसल्या नाहीत.

“नोटिसांची चौकशी लागली. मंगळवारी. नागपूरहून अधिकारी येतो आहे.”

नोटिसा आम्हालाही माहीत होत्या. कमलग्राममध्ये दोन प्रकारची घरं होती. जुनी घरं सरकारनंच साठच्या दशकात आणून वसवलेल्यांची. त्यांच्याकडे जमिनीचे कागद होते. दुसरी घरं एकाहत्तर साली आपल्या नातलगांच्या आसऱ्याला आलेल्यांची, तलावाच्या पलीकडे पडीक जागेवर. त्यांना नोटीस आली होती की तुम्ही जमिनीच्या लोभानं घुसला आहात, जागा रिकामी करा. माचं घरही त्यातच होतं.

“कत्तलीतून जीव वाचवून आलेत हे दाखवणारा माणूस पाहिजे,” बाई म्हणाल्या. “डोळ्यांनी पाहिलेला. निबारणकाकांचा उपयोग नाही, ते आधीचे. बाकीचे म्हातारे त्या दिवसाचं नाव काढलं की उठून जातात. एकाला विचारलं तर तो मला चहाच पाजत बसला तासभर.”

बीना आली. बाईंनी तिला सगळं सांगितलं. बीनानं आधी आईकडे पाहिलं. मा एका गिऱ्हाइकाला बोटं दाखवून भाव सांगत होती. तिचं सगळं बाजाराचं बोलणं बोटांनीच चाले.

“मराठीत सांगायचं ना?” बीनानं विचारलं.

“मराठीतच. चौकशी मराठीतच आहे.”

“मग लिहून आणते. वाचते.”

बाई गेल्यावर ती माझ्या दुकानातल्या टायरवर बसली.

“जमेल?” मी विचारलं.

“जमवायलाच पाहिजे. घर गेलं तर आई कुठं वाट पाहणार? पत्ता तरी राहायला पाहिजे ना!”

ती हसून म्हणाली, पण तिनं माझं मनगट धरलं होतं. बाजारात, सगळ्यांसमोर. रात्री झोपताना ती नेहमी तसं धरायची. लग्नाच्या सुरुवातीला मला वाटायचं, प्रेमाचं आहे. नंतर कळलं की तसं धरल्याशिवाय तिला झोपच लागत नाही.

मंगळवारी शाळेच्या ओसरीवर टेबल मांडलं. साहेब आले, बरोबर एक कारकून. साहेब वाईट माणूस नव्हता. घामाघूम झालेला, कंटाळलेला. पुढं सतरंजीवर बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या पहिल्या रांगेत मा.

“तू कशाला आलीस?” बीना बंगालीत म्हणाली. “आज बाजार आहे.”

“बाजार दर आठवड्याला असतो,” मा म्हणाली आणि मांडी घालून बसली. हातातल्या बांगड्या मांडीवर.

बीना उभी राहिली. कागद उघडून वाचायला लागली. होडी, रस्ता, घाट. साहेब ऐकत होते. मग त्यांनी हात वर केला.

“थांबा. तुम्ही शिक्षिका आहात?”

“हो.”

“मासिकात लिहिता?”

“कधी कधी.”

“हे फारच चांगलं लिहिलंय, बाई. तीच तर अडचण आहे. उद्या कोणी म्हणेल, वकिलानं लिहून दिलं.” त्यांनी वैरागडेबाईंकडे पाहिलं. “कागद ठेवा. तुमच्या भाषेत सांगा. दुभाषी कोण आहे?”

“साहेब, मराठीत जबाब चालतो,” वैरागडेबाई म्हणाल्या.

“चालतो. पण पाठ केलेला चालत नाही. आणि हे बसलेत ना सगळे, त्यांनाही कळू द्या. खोटं असेल तर तेच सांगतील.”

निबारणकाकांना दुभाषी म्हणून उभं केलं. बीनानं कागदाची घडी केली. माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होतो? मी तिथं पाणी द्यायला उभा होतो.

ती बंगालीत बोलायला लागली. निबारणकाका मागोमाग मराठी करत होते. मासे चिरताना बायका गप्पा मारतात तसं ती आईकडे न बघता, वाकडी मान करून बोलत होती. घाट आला. ट्रक आले. होडी आली. जलपर्णी आली. सतरंजीवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारी हळूच रडायला लागली.

“मी बाबांचं मनगट धरलं होतं,” निबारणकाका तिचं म्हणणं सांगत होते.

मग ती थांबली. आणि तिनं आईकडे पाहिलं. मा तिच्याकडेच बघत होती, पापणी न हलवता. बीनाचे ओठ हलले आणि ती एक लहानसं वाक्य बोलली. निबारणकाकांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

“सांगा,” साहेब म्हणाले.

“ती म्हणते, मग बाबा पोहून पलीकडे गेले.”

वैरागडेबाईंनी डोळे मिटले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. चिडून नाही. उलट त्यांचा आवाज मऊ झाला, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली.

“म्हणजे तुमच्या घरातलं कोणी मेलं नाही.”

बीना गप्प.

“तुम्ही कोणाला मारताना पाहिलं?”

बीनाचा एक हात दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून होता. मी पुढं सरकलो. काय करायचं ते ठरलं नव्हतं. कदाचित कागद उचलून मीच वाचला असता.

“गुरुदास हालदार,” असा आवाज आला. “लिवा, साहेब. गुरुदास हालदार. त्याले मारलं.”

मी आधी मागं पाहिलं. कोण बाई बोलली? आमच्याकडच्या बाजारातली बाई बोलते तसलं बोलणं होतं. मग पाहिलं तर मा उभी होती.

“यांना मराठी येतं?” साहेबांनी निबारणकाकांना विचारलं.

काकांचं तोंड उघडंच होतं. मा स्वतःच म्हणाली, “इतकी वर्सं बाजारात बसली ना मी, साहेब. तुमच्यासारखे किती साहेब फुकट मासा मागाले येतेत. भाषा समजली नसती त जगली असती का? बोलत नाई, कारण बोललं की लोक भाव पाडाले लागतेत.”

कोणीतरी हसलं. कारकून होता तो. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो गप्प झाला.

नऊ वर्षं मी त्या बाईच्या शेजारी दुकान लावत होतो. गिऱ्हाईक चार वाक्यं बोलायचं आणि ही बरोबर तेवढंच बोट दाखवायची. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आणि आम्ही दोघं तिच्या समोर बसून ते सगळं मोठमोठ्यानं वाचत होतो. उकलली म्हणू का सोडवली म्हणू.

“तुम्ही पाहिलं का मारताना?” साहेबांनी विचारलं.

“मी नाई पायलं. या पोट्टीनं पायलं. तिनं लिवलं हाये. हे दोघं घरी वाचत बसतेत, मी मासे चिरत आयकते. आता माह्यासमोर तिच्या तोंडून निघत नाई, म्हणून मी सांगते. त्यानं पाण्यात हिची बोटं सोडवली. एकेक. मंग हात वर करून वर गेला. गोळी घातली त्याले. पाणी लाल झालं. ही तठीच उभी होती, होडीच्या मांगं, अंधार पडेपरेंत.”

हे पुढचं होतं, बीना वाचताना थांबायची त्याच्या पुढचं. ते तिनं पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एकदाच वाचलं होतं. तेवढ्यानंच म्हातारीला शब्द न् शब्द पाठ झाला होता.

बीना खाली बसली. मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो.

निबारणकाका मराठीतच म्हणाले, बंगाली विसरल्यासारखे, “शैलवहिनी, मग तुम्हाला माहीत होतं. बांगड्या काहून घातल्या इतकी वर्सं? मला हाकलून दिलं तुम्ही.”

“तुमाले हाकललं, मंग काय करू?” मा म्हणाली. “रस्त्यानंच लोकायनं सांगतलं होतं मले, गुरुदास गेला म्हणून. मी बांगड्या काढाच्याच होत्या. पण ही पोट्टी रात्री बांगडी धरून झोपे. सुटली की दचकून उठे. विचारे, मा, बांगडी आहे ना? बाबा पोहून गेले ना? मी म्हणो, आहे, गेले. मी फोडली असती त हिनं काय धरलं असतं?”

सतरंजीवरच्या बायका आपापल्या बांगड्या चाचपायला लागल्या.

“मंग ही मोठी झाली,” मा म्हणाली. “पण सांगे नाई. मी म्हटलं, सांगन तवा काढीन.”

साहेबांनी पेन उचललं होतं. ते लिहीत होते. मानं त्यांच्या टेबलावर हात ठेवला, मासा तोलताना तराजूवर ठेवते तसा.

“आणखी एक लिवा. तो मेला हे मले ठाऊक होतं. पण मले वाटे, एकटाच मेला. एवढी माणसं आणि त्याच्याजवळ आपलं कोणी नाई. भात खाताना मनात येई ते. आता या पोट्टीनं लिवलं तवा समजलं. वर जायच्या आधीपरेंत त्याचा हात हिच्या हातात होता. तो एकटा नव्हता. हे लिवा.”

“लिहिलं, बाई,” साहेब म्हणाले.

“वाचून दाखवा.”

त्यांनी वाचून दाखवलं. मानं ऐकलं, मान हलवली आणि अंगठा पुढं केला.

घरी येताना मा तलावाशी वळली. आमच्याकडच्या जुन्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांपैकी तो एक. पाळीवर दगडी पायऱ्या होत्या. ती पायरीवर बसली आणि शेजारचा एक दगड उचलून बीनापुढं धरला.

“घे. रीत आहे.”

बीनानं हात मागं घेतले. “मी नाही फोडणार.”

“मग जामाई फोडील.”

“मी?” मी म्हणालो. “मा, मी वस्तू दुरुस्त करतो. फोडायचं काम दुसऱ्याला द्या.”

मी मराठीत बोललो होतो, जन्मात पहिल्यांदा तिच्याशी पूर्ण वाक्य. ती हसली. मग स्वतःच बांगड्या ओढायला लागली. निघेनात. तरुणपणी घातलेल्या, हात मागाहून जाड झालेला. चामडी लाल झाली. मी माझ्या सायकलच्या पिशवीतून तेलाची कुपी काढली आणि तिच्यापुढं बसलो. मनगटावर तेल सोडलं, अंगठा आत दाबून धरला आणि बांगडी हळूहळू फिरवत पुढं आणली. अडकलेली वस्तू काढायची तर ओढायची नसते, फिरवायची असते.

“हळू,” मा म्हणाली. “माहा हात हाये, चेन नाई तुही.”

एकेक करून सगळ्या निघाल्या. एकही फुटली नाही. मनगटाला बांगड्यांच्या जागी पांढरा पट्टा होता, उन्हानं कधी न पाहिलेला. मानं बांगड्या पाण्यात सोडल्या. शंख असल्यानं की काय, त्या बुडताना पांढऱ्या दिसत राहिल्या, बराच वेळ.

मग तिनं ते मोकळं मनगट बीनापुढं केलं.

“हे आहे ना,” ती बंगालीत म्हणाली. “धरायचं तर हे धर.”

बीनानं दोन्ही हातांनी धरलं. आणि ती रडली. नऊ वर्षांच्या पोरीसारखी, तोंड उघडं टाकून. मी सायकलकडे जाऊन उभा राहिलो. चेनला तेल लावत बसलो. त्या चेनला तेलाची गरज नव्हती.

संध्याकाळी मानं रोहू शिजवला. डोकं माझ्या ताटात आलं. स्वतः कोरडा भात घेऊन ती बाजूला बसली. बीनानं आपल्या ताटातला माशाचा तुकडा उचलून तिच्या भातावर ठेवला.

“बायका काय म्हणतील?” मा म्हणाली.

“म्हणू दे. मी त्यांच्यावर लिहीन.”

“मराठीत?”

“बंगालीत. म्हणजे त्यांना वाचता येईल.”

मानं थोडा वेळ ताटाकडे पाहिलं. मग तुकडा मोडला, काटा काढला आणि खाल्ला. दुसऱ्या दिवशी निबारणकाकांची बायको, विधवेनं मासे खायचे नसतात, असं सांगायला खरंच आली होती. बीना दारातच तिच्याशी तासभर भांडली. नंतर ती मोठमोठ्या लोकांशी भांडली, नागपुरात, दिल्लीत, एकदा तर परदेशात जाऊनही. जिथं जिथं माणसं हाकलली गेली तिथल्या लोकांसाठी ती उभी राहिली. पण तिचं पहिलं भांडण आमच्या दारातलं. माशाच्या तुकड्यासाठीचं. ते ती जिंकली. गावातल्या दुसऱ्या दोन विधवांनी पुढच्याच महिन्यात माच्याकडून मासे विकत घेतले. मानं त्यांना भाव कमी लावला नाही.

नोटिसा उन्हाळ्याच्या आधी मागं घेतल्या गेल्या. कागद मिळायला पुढं बरीच वर्षं लागली, पण मिळाले. तलावापलीकडे आता पक्की घरं आहेत. बीनाचं पहिलं पुस्तक मराठीत आलं, दुसरं तिनं बंगालीत लिहिलं. ते लिहीत असताना मा रोज विळीवर बसून ऐकायची आणि मधेच म्हणायची, “इथं चुकलं. होडी हिरवी होती.” बीना दुरुस्त करायची. मा गेली तेव्हा मोकळ्या हातानं गेली आणि दुपारी पोटभर जेवून गेली.

बीना मात्र शेवटपर्यंत मनगट धरूनच झोपायची. इतकं सगळं बोलली, तिनं लिहिलं, तरी ती सवय गेली नाही. मीही कधी ती सोड म्हटलं नाही. माझ्या डाव्या मनगटावर घड्याळ नसतं ते त्यामुळेच.

गेल्या वर्षी इस्पितळात तिचा श्वास मंदावला तेव्हाही तिनं तेच धरलं होतं. सकाळ होती. खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर आलं होतं. परिचारिका आली, चांगली मुलगी होती, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “काका, त्या झोपल्यात. हात सोडवून घ्या, थोडा चहा घेऊन या.”

मी म्हणालो, “राहू दे, बाळ.”

बीना गेल्यावरही पुष्कळ वेळ मी तसाच बसलो होतो. मी एकही बोट सोडवलं नाही.